दात्यांचे प्रमाण

१

मागच्या चाकाला किती दात्यांचे स्प्रॉकेट बसवावे, हा प्रश्न मराठीच्या अध्यापकाने दोन महिने उराशी बाळगावा असा नव्हे, असे माझ्या एका सहकाऱ्याने स्टाफरूममध्ये सर्वांसमक्ष सांगितले होते. त्यांचे म्हणणे त्या वेळी मला पटलेही होते. आज पटत नाही. का पटत नाही, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

माझ्याकडे १९८४ सालची ३५० सीसीची एक बुलेट आहे. ती मूळची माझ्या मामांची. मामांचे कापडाच्या दलालीचे काम असे आणि भिवंडी, शहापूर, कसारा, नाशिक ही त्यांची नेहमीची फेरी. १९९०च्या दशकात पेट्रोलचा भाव परवडेना, म्हणून त्यांनी गाडीचे पेट्रोल इंजिन उतरवून त्या जागी डिझेल इंजिन बसवून घेतले. त्या काळी असे करणारे ते एकटे नव्हते. डिझेल इंजिन संथ चालते. त्याच्या कमी फेऱ्यांत चाकाने अधिक अंतर तोडावे म्हणून मिस्त्रीने मागच्या चाकाचा हबच बदलला आणि त्याला ३४ दात्यांचे स्प्रॉकेट जोडले. पुढे मामा गेले आणि गाडी माझ्याकडे आली. त्यांनी पोत्यात गुंडाळून जपून ठेवलेले मूळ पेट्रोल इंजिन मी दुरुस्त करून पुन्हा बसवले, आरटीओत रीतसर नोंदही करून घेतली. मागचे ३४ दाते मात्र तसेच राहिले. त्यांच्याकडे लक्ष द्यावे, हे मला सुचलेच नव्हते.

ज्यांना यंत्राची सवय नाही अशा वाचकांसाठी येथे थोडा हिशेब मांडतो. इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून पुढच्या लहान स्प्रॉकेटवर येते, तेथून चेनने मागच्या मोठ्या स्प्रॉकेटवर जाते आणि चाक फिरते. पुढे १७ दाते आणि मागे ३४ असतील, तर पुढचे स्प्रॉकेट दोनदा फिरले की चाक एकदा फिरते. मागे ३८ दाते असतील, तर चाकाच्या एका फेरीसाठी पुढच्याला सुमारे सव्वादोन फेऱ्या घ्याव्या लागतात. मागचे दाते वाढले की ओढ वाढते आणि वेग घटतो. दाते कमी झाले की वेग वाढतो आणि ओढ घटते. एका हाताने द्यावे आणि दुसऱ्या हाताने घ्यावे, असा हा व्यवहार आहे. दोन्ही एकाच वेळी देणारे स्प्रॉकेट अजून कोणी घडवलेले नाही.

माझ्या गाडीत हा व्यवहार बिघडला होता. सपाट महामार्गावर ती सुरेख चाले. परंतु भिवंडीच्या कोंडीत, ट्रक आणि टेम्पोंच्या मधून पावलापावलाने सरकताना पहिल्या गिअरमध्येही क्लच अर्धवट धरून ठेवावा लागे, आणि घरी पोचेपर्यंत जळक्या क्लचचा वास कपड्यांना लागलेला असे. कसारा घाटात तर तिसऱ्या गिअरमध्येच तिचा श्वास कोंडू लागे.

सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत मी ठाण्यापासून मुंबईच्या चोर बाजारापर्यंत हिंडलो. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच, कंपनी कोणती आणि मॉडेल कोणते? बुलेट म्हटले की समोर कंपनीचा ड्रम येई. जुन्या बुलेटमध्ये मागचे स्प्रॉकेट ब्रेकच्या ड्रमशी एकजीव ओतलेले असते आणि त्याला ३८ दाते असतात. तो ड्रम बाजारात सहज मिळतो. पण माझ्या गाडीचे मागचे चाकच बुलेटचे राहिलेले नव्हते. कोणत्याही मॉडेलच्या चौकटीत न बसणाऱ्या गाडीला उत्तर देण्याची सोय दुकानाच्या तक्त्यात नसते.

अखेर भिवंडीतच, पद्मानगरच्या एका गल्लीत, यंत्रमागाचे सुटे भाग घडवणाऱ्या एका कारखान्यात गेलो. तेथील वृद्ध कारागिराला सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी मॉडेल विचारले नाही. "सर, जाता कुठे तुम्ही? मागे कोण बसतं? घाट किती वेळा?" असे तीन प्रश्न त्यांनी विचारले. मी सांगत गेलो तसे ते चाकापाशी उकिडवे बसले, बोटाने दाते मोजले आणि म्हणाले, "हे चेंज व्हीलच आहे, सर. फक्त रस्त्यावरचं."

या एका वाक्याने माझी शोधाची दिशा बदलली. स्प्रॉकेट तर मिळालेच, पण त्याआधी मला चेन, सुई, माग आणि हे गाव यांचा एकमेकांत गुंतलेला इतिहास वाचावा लागला.

२

मोटारसायकलची चेन ही मोटारसायकलसाठी जन्माला आलेली वस्तू नव्हे. हान्स रेनॉल्ड हा स्विस तंत्रज्ञ १८७३ मध्ये मँचेस्टरला आला. १८७९ मध्ये त्याने जवळच्या सॉलफर्डमधील जेम्स स्लेटर यांचा एक छोटा व्यवसाय विकत घेतला. हा व्यवसाय कापडगिरण्यांच्या यंत्रांसाठी चेन बनवण्याचा होता. पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, रेनॉल्डने बुश आणि रोलर असलेली चेन तयार केली. आज सायकलीपासून मोटारसायकलीपर्यंत सर्वत्र दिसते ती हीच चेन. प्रत्येक दात्यावर चेन घासत न जाता रोलर फिरावा, इतकीच त्यातली युक्ती. परंतु त्या युक्तीमुळे चेन आणि दाते दोघांचेही आयुष्य वाढले. पाच वर्षांनी, १८८५ मध्ये, कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली याची रोव्हर सायकल आली. मागच्या चाकाला चेनने गती देण्याची जी मांडणी तिने रूढ केली, तीच पुढे मोटारसायकलीने उचलली. याचा अर्थ असा की माझ्या गाडीच्या चेनची आजी कापडगिरणीत कामाला होती.

बुलेटचेही मूळ असेच वस्त्राच्या वाटेने जाते. इंग्लंडमधील रेडिच हे गाव सुयांसाठी प्रसिद्ध होते. तेथे १८५१ मध्ये जॉर्ज टाउनसेंडने सुया बनवण्याचा कारखाना काढला. या व्यवसायातून पुढे सायकली आल्या, मग एनफिल्ड येथील सरकारी शस्त्रनिर्मिती कारखान्यासाठी सुटे भाग पुरवण्याचे काम आले आणि त्यातूनच 'रॉयल एनफिल्ड' हे नाव. १९०१ मध्ये पहिली मोटारसायकल निघाली, १९३२ मध्ये बुलेट हे नाव आले. भारत सरकारने सीमेवरील गस्तीसाठी ३५० सीसीची बुलेट निवडली, आणि १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एनफिल्ड इंडिया ही कंपनी मद्रास येथे स्थापन झाली. आधी इंग्लंडहून आलेले भाग येथे जोडले जात. हळूहळू सगळेच भाग येथे घडू लागले. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला; मद्रासचा चालूच राहिला. जन्मगावी संपलेले यंत्र परक्या गावी टिकते, ही गोष्ट भिवंडीच्या वाचकाला नवीन वाटू नये. त्याच्या गावाचा उद्योगच त्या सत्यावर उभा आहे.

३

भिवंडी हे खाडीकाठचे जुने बंदर. भात आणि लाकूड यांचा येथे व्यापार चाले. १८५७ नंतरच्या काळात उत्तरेकडून स्थलांतर करून आलेले मोमीन विणकर येथे स्थिरावले आणि हातमाग वाढले. पुढे तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी आपली वस्ती वसवली. १९३०च्या दशकात वीज आणि यंत्रमाग आले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हे माग बव्हंशी नवे नव्हते. मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले माग लहान शहरांतील विणकरांनी विकत घेतले, दुरुस्त केले आणि चालवले. डग्लस हेन्स यांनी पश्चिम भारतातील लहान शहरांच्या भांडवलशाहीवर लिहिलेल्या २०१२च्या ग्रंथात या कारागीर-मालकांचा इतिहास विस्ताराने आलेला आहे. लँकेशायरच्या ओतशाळांत जन्मलेला माग आधी गिरणगावात राबला आणि तेथून बाहेर पडल्यावर भिवंडीत त्याला दुसरे आयुष्य मिळाले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्या काळात गिरण्यांचे कापडाचे काम मोठ्या प्रमाणावर भिवंडीकडे वळले. संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांचे मागही याच वाटेने आले. गिरणगावाच्या या शोकांतिकेला मराठीत जयंत पवार यांच्या 'अधांतर'सारखे नाटक मिळाले. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांचा मौखिक इतिहास ग्रंथबद्ध केला. जे माग गिरणगावातून निघाले ते पुढे कोणाच्या हाती पडले, त्यांना कोणी पुन्हा चालते केले, या उत्तरार्धाकडे मात्र मराठी साहित्याची नजर फारशी वळलेली नाही.

आता अण्णांच्या 'चेंज व्हील'कडे येऊ. मागावर उभे धागे ताणलेले असतात आणि धोटा आडवा धागा टाकत जातो. धोट्याच्या एका खेपेला 'पिक' म्हणतात. प्रत्येक खेपेनंतर तयार कापड किंचित पुढे ओढले गेले पाहिजे. ते किती ओढायचे यावर एका इंचात किती पिक पडतील, म्हणजे कापड घट्ट होईल की विरळ, हे ठरते. ही ओढ दात्यांच्या चाकांची एक माळ ठरवते. लँकेशायर पद्धतीच्या मागावर सात चाकांची एक प्रसिद्ध रचना आहे. तिच्यातील सहा चाके कायम राहतात आणि सातवे बदलता येते. तेच चेंज व्हील. या रचनेतील इतर चाकांचे दाते अशा हिशेबाने योजलेले आहेत की, चेंज व्हीलचा एक दाता म्हणजे इंचामागे एक पिक. बावन्न पिकांचे कापड हवे तर ५२ दात्यांचे चाक लावायचे. अठ्ठेचाळीस हवे तर ४८चे. आकडेमोड चाकातच ओतून ठेवलेली असल्यामुळे शाळेची पायरी न चढलेला जॉबरही ती करू शकतो.

याहून जुनी अशी पाच चाकांची रचनाही आहे. तिच्यात मात्र उलटा न्याय चालतो. तेथे चेंज व्हीलचे दाते वाढवले की पिक कमी होतात. याचे कारण साधे आहे. सात चाकांच्या रचनेत बदलायचे चाक गती घेणारे असते, पाच चाकांच्या रचनेत ते गती देणारे असते. मोटारसायकलीत मागचे स्प्रॉकेट गती घेते आणि पुढचे देते. म्हणूनच मागचा दाता वाढवला की ओढ वाढते आणि पुढचा वाढवला की घटते. अण्णांनी माझ्या गाडीकडे पाहताच जे ओळखले ते हेच होते. मागावर पन्नास वर्षे ज्या हाताने चाके बदलली, त्या हाताला मोटारसायकल हा वेगळा विषय वाटला नाही.

चेंज व्हीलचा एक दाता ही केवळ तांत्रिक बाब नाही, हेही सांगितले पाहिजे. मिनिटाला १५० खेपा घालणारा माग न थांबता चालला, तर ५२ पिकांचे कापड तासाला सुमारे ४.४ मीटर निघते. ४८ पिकांचे सुमारे ४.७६ मीटर. चार दात्यांच्या फरकाने कापडाची लांबी बारा मागे एक या हिशेबाने वाढते आणि त्याच मापाने ते विरळ होते. व्यापाऱ्याला घट्ट कापड विरळ कापडाच्या भावात हवे असते. मालकाला विरळ कापड घट्ट कापडाच्या भावात विकायचे असते. विणकराची मजुरी मीटरवर, आणि तो दर पिकांवर ठरलेला. भिंग लावून पिक मोजणारा व्यापारी आणि अंधारात चाक बदलणारा कारखानदार यांच्या भांडणांचे किस्से गावात अजून सांगितले जातात. तिघांच्या मधोमध दात्यांचे एक तेलकट चाक असते, आणि त्याच्यापुढे कोणाचीच बढाई चालत नाही. ते जितके दाते तितकेच पिक देते.

४

मामांच्या डिझेल बुलेटचा धागाही याच विणीत येऊन मिळतो. डिझेलवर चालणारी बुलेट कंपनीनेही काढली होती. 'टॉरस' या नावाने ती ओळखली जाते. तिच्यातील ३२५ सीसीचे, सुमारे साडेसहा अश्वशक्तीचे इंजिन इटलीच्या लोम्बार्डिनी कंपनीच्या रचनेचे होते आणि ते येथे ग्रीव्हज कंपनी बनवी. अशी छोटी डिझेल इंजिने पंपावर आणि इतर कामांवर आधीपासूनच राबत असल्याने मिस्त्री लोकांना त्यांची नस ठाऊक होती. त्यामुळे कंपनीच्या टॉरसखेरीज, गल्लीतल्या गॅरेजांतही जुन्या बुलेटमध्ये डिझेल इंजिने चढवली गेली. वेग बेताचा, हादरे भरपूर, पण लिटरमागे मिळणारे अंतर पाहून माणसे हादरे सोसत.

ग्रीव्हज या नावापाशी वस्त्रोद्योगाचा इतिहास जाणणारा वाचक थबकेल. १८५९ मध्ये जेम्स ग्रीव्हज आणि जॉर्ज कॉटन यांनी मुंबईत स्थापन केलेली ग्रीव्हज कॉटन ही कंपनी एके काळी मुंबईतील कित्येक कापडगिरण्यांची व्यवस्थापक होती. पुढे ती अभियांत्रिकीकडे वळली आणि तिच्या नावाचे इंजिन बुलेटमध्ये आले. ज्या घराण्याने गिरणगावात माग चालवले त्याचे इंजिन, सुयांच्या कारखान्यातून निघालेल्या गाडीत, कापडाचा दलाल असलेल्या माझ्या मामांनी भिवंडीत बसवले. मामांना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांना फक्त नाशिकची फेरी कमी खर्चात करायची होती. इतिहास बहुधा असाच, कोणाला न कळवता, कोणाच्या तरी घरखर्चातून पुढे जात असतो.

या सगळ्या उलाढालींमागे टंचाईही होती. परवाने, आयातबंदी आणि प्रतीक्षायाद्या यांच्या काळात गाडी ही घेऊन टाकून देण्याची वस्तू नव्हती. पोलंडच्या एसएचएल गाडीच्या रचनेवर बेतलेली एस्कॉर्ट्सची राजदूत, म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीत १९६१ पासून बनू लागलेली जावा आणि पुढची येझदी, आणि बुलेट, या तीन नावांवर दूधवाला, शेतकरी, फौजदार आणि दलाल यांची दोन-अडीच दशके गेली. १९८४ ते १९८६ या काळात जपानी सहकार्याने बनलेल्या हलक्या १०० सीसी गाड्या आल्या आणि चित्र पालटले. कमी पेट्रोल पिणाऱ्या, क्वचितच बिघडणाऱ्या या गाड्यांनी मालकाला मिस्त्रीपासून मुक्त केले. हे मुक्त होणे चांगलेच होते. सकाळी कामावर वेळेवर पोचावे असे वाटणाऱ्या कोणालाही त्याचे मोल कळेल. आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. जुन्या गाड्या मात्र लगेच रस्त्यावरून गेल्या नाहीत. त्या मुंबईच्या मागांप्रमाणेच मोठ्या गावाकडून लहान गावाकडे, लहान गावाकडून पाड्याकडे सरकत राहिल्या, आणि प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी त्यांचे दाते नव्या कामाला जुळवून दिले.

ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' या पुस्तकात असा मुद्दा मांडला आहे की, तंत्रज्ञानाचा इतिहास आपण शोधांच्या तारखांनी लिहितो. तो वापराच्या, निगराणीच्या आणि दुरुस्तीच्या अंगाने लिहिला तर त्याचा नकाशा निराळाच दिसतो. त्या नकाशात मँचेस्टरइतकेच ठळक अक्षर भिवंडीला द्यावे लागेल.

५

अण्णांनी माझ्या गाडीचे काम तीन फेऱ्यांत केले. पहिल्या फेरीत त्यांनी टायरवर खडूची खूण केली, गाडी एक फेरी ढकलायला लावली आणि खडूच्या दोन ठशांमधील अंतर टेपने मोजले. दोन मीटरला किंचित कमी भरले. मग पुढचे दाते मोजले. सतरा. कंपनीच्या जुन्या ३५०ला पुढे १६ दाते असतात, हे त्यांना ठाऊक होते. म्हणजे मिस्त्रीने डिझेलसाठी पुढेही एक दाता वाढवलेला होता. "मग पुढचंच बदला ना," असे मी म्हणालो. बुलेटचे पुढचे स्प्रॉकेट क्लचच्या पाठीमागे असते. ते बदलायचे तर प्राथमिक चेनचे झाकण, क्लच सगळे उतरवावे लागते. अण्णा म्हणाले, "ते उघडलं की आणखी चार खर्च निघतील. आणि १६ ला ३४ म्हणजे तरी कुठे पुरतंय? मागचंच करू."

मी घरून हिशेब करून गेलो होतो. कंपनीचे प्रमाण १६ला ३८, म्हणजे २.३७५. पुढे १७ ठेवून तेच प्रमाण हवे असेल, तर मागे चाळीस आणि थोडे अधिक दाते लागतात. मी ४० सुचवले. अण्णांनी मान हलवली. मी नाशिकला महिन्यातून एकदा जातो, रोज कल्याणनाक्याच्या कोंडीत अडकतो, मागे बहुधा कोणी नसते, हे सगळे त्यांनी लक्षात ठेवले होते. त्यांच्या मते ३८ दात्यांवर घाट जड गेला असता आणि चाळीसवर महामार्गावर इंजिन विनाकारण ओरडले असते. एकोणचाळीस ठरले. सतराला एकोणचाळीस म्हणजे २.२९. हा आकडा कंपनीच्या कोणत्याही तक्त्यात मी पाहिलेला नाही.

दुसऱ्या फेरीत मी ते काम होताना पाहिले. पोलादाची गोल चकती आधी लेथवर माझ्या हबच्या मापाने कातली गेली. मग ती मिलिंग मशीनच्या डिव्हायडिंग हेडवर चढली. या उपकरणाची मूठ चाळीस वेळा फिरवली की चकती एकदा फिरते. चकतीचे ३९ समान भाग पाडायचे तर प्रत्येक दात्यासाठी मूठ एक पूर्ण फेरी आणि वर एका फेरीचा एकोणचाळीसावा भाग फिरवावी लागते. त्यासाठी ३९ छिद्रांचे वर्तुळ असलेली पाटी असते. एक फेरी, एक छिद्र. एक फेरी, एक छिद्र. अण्णांचा नातू मूठ फिरवीत होता आणि अण्णा तेलुगूत आकडे मोजत होते. मधेच नातवाचा फोन वाजला. त्याने हात थांबवला, पण छिद्रावरून बोट काढले नाही. बोट काढले असते तर कितव्या दात्यापाशी आलो ते चुकले असते, आणि अडतीस दाते बरोबर असले तरी एक चुकला की सगळे चाक भंगारात.

तिसऱ्या फेरीत स्प्रॉकेट बसले. पाच दाते वाढल्यामुळे चेन अडीच कड्यांनी अपुरी पडत होती. अर्धी कडी जोडता येत नाही. दोन कड्या वाढवल्या आणि चाकाचा आस किंचित पुढे घेऊन उरलेला हिशेब मिटवला. पुढच्या रविवारी मी कसारा घाट चढलो. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, कसलाही त्रागा न करता, वर आली. माथ्यावर थांबून मी इंजिनाचा आवाज ऐकत उभा राहिलो. मामा याच वळणावर चहाला थांबत.

६

परत येताना मनात एकच शब्द घोळत होता. प्रमाण. मराठीत या शब्दाचे तीन अर्थ आपण रोज वापरतो. प्रमाण म्हणजे दोन राशींचे परस्परांशी असलेले माप. प्रमाण म्हणजे पुरावा. आणि प्रमाण म्हणजे सर्वांनी मानावा असा आदर्श, जसे प्रमाणभाषा. दुकानांत मला तिसऱ्या अर्थाचे प्रमाण विचारले जात होते. कंपनीने ठरवले ते ३८, तेवढेच खरे. कायद्याचाही कल तिकडेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ लावताना, निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येणार नाही, असा निर्णय दिला. रस्त्यावरील इतरांच्या सुरक्षिततेचा विचार केला तर त्यामागचे कारण समजते, आणि गल्लीतल्या प्रत्येक प्रयोगाचे कौतुक करावे असेही नाही. मामांच्या डिझेल बुलेटच्या हादऱ्यांनी दोनदा चौकट तडकली होती, हे मी विसरलेलो नाही.

तरीही अण्णांनी मला पहिल्या अर्थाचे प्रमाण दिले. त्यांच्या लेखी योग्य स्प्रॉकेट असे काही नसतेच. या रस्त्याला, या वजनाला, या इंजिनाला योग्य असे असते. भाषेच्या वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना हेच शिकवण्याचा प्रयत्न करतो, आणि बहुतेकदा शब्दकोशाचा तक्ता पुढे करून मोकळे होतो. कोणत्या प्रसंगी, कोणाशी, किती भार घेऊन बोलायचे आहे, हे विचारल्याशिवाय शब्दाची योग्यता ठरत नाही. हे मला प्राध्यापकीच्या इतक्या वर्षांनंतर एका यंत्रमागाच्या कारखान्यात पुन्हा शिकावे लागले.

राहिला दुसरा अर्थ, पुराव्याचा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये 'गांवगाडा' लिहून गावातील कारागिरांच्या आणि बलुत्यांच्या व्यवहाराची नोंद केली. सुतार, लोहार, चांभार यांना त्यामुळे मराठी गद्यात जागा मिळाली. यंत्रयुगाच्या कारागिराला, म्हणजे जॉबर, टर्नर, फिटर, मिस्त्री यांना, आपला 'गांवगाडा' अजून मिळालेला नाही. त्यांचे शब्दही कोशांत विखुरलेले आहेत. मराठीत करवतीला दाते असतात, फणीला दाते असतात, आणि मागावर उभे धागे ज्यातून ओवतात तिलाही फणीच म्हणतात. स्प्रॉकेटला 'दंतचक्र' म्हणावे असे परिभाषा सांगते. भिवंडीच्या गल्लीत मात्र त्याला कोणी 'गरारी' म्हणतो, कोणी 'चक्री', आणि अण्णा त्याला चेंज व्हील म्हणतात. या तीन शब्दांत तीन स्थलांतरांचा इतिहास आहे, आणि तो कोणत्याही बखरीत नाही.

तो नोंदवायला फार अवधी आहे असेही नाही. भिवंडीभोवती आता गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. जुने माग किलोच्या भावाने भंगारात जातात. त्यांच्या जागी येणाऱ्या नव्या मागांवर पिकांचा आकडा बटणे दाबून भरता येतो; चेंज व्हीलची गरज उरत नाही. नवे माग अधिक कापड विणतात, कमी आवाज करतात आणि धोट्याच्या दणक्याने कोणाचे कान बधिर करीत नाहीत. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. पण दाते मोजणारे बोट आणि त्या बोटाला ठाऊक असलेले प्रश्न त्यांच्यासोबत आपोआप येणार नाहीत. ते कोणीतरी लिहून ठेवले पाहिजेत, आणि लिहिण्याचे काम आपल्या विद्यार्थ्यांना येते.

या वर्षी एम.ए.च्या प्रकल्पासाठी मी दोन विद्यार्थ्यांना अण्णांकडे पाठवले आहे. त्यातल्या एकीचे वडील भिवंडीतच माग चालवतात. मागाच्या प्रत्येक भागाचे नाव, ते कोणत्या भाषेतून आले आणि त्याला किती दाते आहेत, एवढेच त्यांनी टिपायचे आहे. परवा तिने पहिली वही दाखवली. पहिल्या पानावर सात चाकांची आकृती आहे आणि तिच्याखाली तिच्या वडिलांच्या अक्षरात एक दुरुस्ती. तिने २४ दाते लिहिले होते तेथे त्यांनी ते खोडून पुन्हा २४च लिहिले आहेत, शेजारी लहान अक्षरात : 'मोजून पाहिले.'